मदत हवी आहे: फ्रेंच 'ऑर्द्यूर'ला मराठीत काय म्हणावं?

'ल पेर नोएल ए तून ऑर्द्यूर' (म्हणजे 'सांताक्लॉज ऑर्द्यूर आहे', 1982) या फ्रेंच चित्रपटाची मराठी सबटायटल्स करतेय. मूळ नाटक 'स्प्लेंदिद' या फ्रेंच नाटकमंडळीचं, 1979 चं. दिग्दर्शक झाँ-मारी प्वारे. नाताळच्या रात्री दुःखितांच्या फोन-मदतकेंद्रात गोंधळ, मग खून आणि प्रेताची विल्हेवाट. फार आवडता सिनेमा आहे.

संवाद जवळपास झाले. मदतकेंद्रात काम करणारे पिएर आणि तेरेझ एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात, ते तसंच ठेवलंय. अडलंय शीर्षकावर. 'ऑर्द्यूर' म्हणजे शब्दशः कचरा, पण माणसाला उद्देशून सणसणीत शिवी. 'नालायक' मिळमिळीत वाटतं, 'हरामखोर'मध्ये घाणीचा वास जातो. इंग्रजी नाव नकोच. पोस्टरवर छापायचंय, म्हणून अश्लील चालणार नाही. कचरा आणि शिवी दोन्ही पोचवणारा, बोलीतलाही चालेल असा, एखादा शब्द सुचतो का?