घरामागच्या उतारावर भेग पडली आहे, तातडीने मदत हवी आहे

उतारकर: घरामागच्या उतारावर भेग पडली आहे. सिमेंट ओतून बुजवली, चार दिवसांत पुन्हा उघडली. आता काय भरू? पाऊस थांबायचं नाव घेत नाही. लवकर सांगा.

हिरवळ: वाळा लावा! मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, माती घट्ट धरून ठेवतात. आमच्या बांधावर लावलाय, ढेकूळही सुटत नाही.

स्मिता_र: भेग किती लांब? सरळ की वाकडी? घराच्या वर की खाली? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

उतारकर: वरच्या अंगाला, वीसेक पावलं लांब. चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं खाली वळलेली. आधी बोट जायचं, आता मूठ जाते.

साइटवाला: गवताने काय होणार? काँक्रीटची भिंत घाला, कायमची चिंता मिटेल.

हिरवळ: भिंती कोसळलेल्या पाहिल्यात मी, साहेब.

साइटवाला: पाणी निघायला भोकं ठेवली नसतील. मागे पाणी तुंबलं की भिंत ढकलली जाणारच.

स्मिता_र: दोन्ही कामं कोरड्या दिवसांतली. शिवाय घसरणारा थर मुळांच्या खाली असेल तर वाळ्यासकट उतार खाली येतो.

नवखा७: भूकंपाचंही बघून घ्या. 1993 साली किल्लारीला दगडमातीच्या जड भिंतींखालीच माणसं गाडली गेली. छप्पर हलकं ठेवा.

स्मिता_र: खरं आहे, पण विषय दरडीचा आहे. उतारकर, आणखी काही बदललंय का?

उतारकर: मागचं दार दोन दिवस चौकटीला घासतंय, पावसाने फुगलं असेल. झऱ्याचं पाणी गढूळ येतंय. आणि उन्हाळ्यात खोली वाढवायला पायथा थोडा कापला होता. पण माझा प्रश्न भेगेत काय भरायचं हा आहे.

स्मिता_र: अहो, हे आधी सांगायचं! पायथा हा उताराचा टेकू, तोच काढलात. भेगेतून पाणी आत उतरतं, मातीच्या कणांमधला दाब वाढतो आणि एकमेकांना धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. वरून काहीही भरलं तरी आतली घसरण थांबत नाही. दार लाकूड फुगल्यामुळे नाही, चौकट तिरकी झाल्यामुळे घासत असेल. चंद्रकोरी भेग, गढूळ झरा, अडकणारं दार, तिन्ही एकत्र आहेत. आज रात्री त्या घरात झोपू नका. माळीणला 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला, दीडशेहून जास्त माणसं गेली.

साइटवाला: ताईंशी सहमत. भिंतीचं नंतर, भूवैज्ञानिकाला दाखवून. आता भेगेपाशी चढू नका.

उतारकर: आई म्हणते पन्नास वर्षांत काही झालं नाही.

स्मिता_र: पन्नास वर्षं पायथा शाबूत होता, हे सांगा त्यांना. आणि जाताना ओढ्याच्या कडेने जाऊ नका, चिखलदगडांचा लोंढा ओढ्यातूनच येतो. उताराच्या रेषेतून आडवे बाहेर पडा. शेजारच्यांनाही उठवा.

हिरवळ: वाळ्याची रोपं हवी असतील तर पुढच्या पावसाळ्यात कळवा. आत्ता निघा.

उतारकर: निघतोय. खालच्या दोन घरांनाही हाक मारली. आईने दार ओढून पाहिलं, आता लागतच नाहीये.