'स्टर्डी' आणि 'ड्युरेबल': दोन्हीला 'मजबूत' म्हणून भागतं का?

खारा वारा
गेटच्या कोटेशनमध्ये इंग्रजीत 'स्टर्डी' असो की 'ड्युरेबल', मराठीत दोन्हीकडे 'मजबूत'च लिहितात. घाटावर खपेल, किनाऱ्याला नाही. स्टर्डी म्हणजे दणकट: आज भार घेईल, धक्का सोसेल. ड्युरेबल म्हणजे याच हवेत वर्षानुवर्षं टिकेल. ३ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचं गेट दणकट आहेच, बैल धडकला तरी वाकणार नाही. पण पाइपची तोंडं उघडी राहिली की खारी हवा आणि पाणी आत शिरतं. तळाचा आडवा पाइप आतून सडतो आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत!

चिरेबंदी
काथ्याकूट आहे सगळा. ३ मिमी सडायला दीड मिमीपेक्षा जास्त पावसाळे लागतात, म्हणजे जाडी हेच आयुष्य. सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतला, तट अजून लाटा खातोय. दणकट आहे म्हणूनच ना?

खारा वारा
त्या तटात सळई नाही हो. आरसीसीचा, म्हणजे आत लोखंडी सळई घातलेल्या काँक्रीटचा खांब भाराला पुरेसा असतो, तरी क्षार सळईपर्यंत पोचले की गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. म्हणून काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० किनाऱ्याच्या उघड्या हवेत किमान एम३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर मागतं, भार कमी असला तरी. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, ओल्या वाळूतलं पाणी धरून. माल पसरायला सोपा जावा म्हणून वरून आणखी बादली ओतली की संपलं.

शब्दकीडा
मुळातच वेगळे शब्द आहेत. 'ड्युरेबल' लॅटिनमधल्या 'टिकणे' या क्रियापदावरून आला. 'स्टर्डी' जुन्या फ्रेंचमधून, तिथे अर्थ 'भोवंडलेला'. इंग्रजीत आधी 'बेफाम', मग 'धट्टाकट्टा'. ट्यूडर काळातल्या कायद्यांतले 'स्टर्डी बेगर' म्हणजे कामाला धडधाकट असूनही भीक मागणारे. उलट फ्रीज 'कन्झ्युमर ड्युरेबल', पण आपटून बघा! मराठीत दणकट आणि टिकाऊ पडलेत की, लिहायचा कंटाळा आहे.

चिरेबंदी
शब्द वेगळे, मान्य. पण नुसतं टिकाऊ घेऊन काय करणार? प्लॅस्टिकचा पत्रा कधी गंजत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा प्रश्न गंजाचा नव्हता, पत्रा धरून ठेवणाऱ्या पकडीचा होता. आधी दणकट, मग टिकाऊ. हा क्रम मी सोडणार नाही.

खारा वारा
क्रम कुठलाही ठेवा, कोटेशनमध्ये दोन ओळी वेगळ्या हव्यात. एकीत पाइपची जाडी आणि बिजागरी. दुसरीत गंज रोखणारं जस्त, पाइपच्या तोंडांची टोपणं, भोकं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप वेल्ड केला की सांध्यावरचं जस्त जळतं, तिथे झिंकवाला प्रायमर लागतोच. त्यापेक्षा अख्खं गेट वेल्ड करून मग वितळलेल्या जस्तात बुडवून आणा. भोकं मात्र बुडवण्याआधी पाडा, बंद पाइप तिथे फुटतो. तळाच्या पाइपला खालच्या बाजूने पाणी निघायला ८ मिमीचं भोक ठेवा.

चिरेबंदी
आणि त्या भोकात कुंभारीण माशी माती भरते, ते कोटेशनमध्ये कोण लिहिणार? मे महिन्यात तार घालून मोकळं करा, नाहीतर पाणी आतच.