आण्णांचं जंगल

दादा, आण्णा गेल्यावर तुम्ही लिहिलंत की ते १९७१ च्या लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. गावात खरंच नाही बोलले. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात बोलायचे, तेही चालता चालता, तुटक तुटक. ते पहिल्या मराठा पलटणीचे, जंगी पलटण. ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला होता. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यात अडकलेली पाकिस्तानी फौज वेढा फोडायला याच पलटणीवर चालून आली आणि सकाळपर्यंत जमालपूर पडलं. आण्णा मात्र सांगायचे ते थंडीचं, ओल्या खंदकाचं आणि शेजारच्या जोडीदाराचं. त्याचं नाव आलं की पुढचा बराच वेळ काहीच नाही.

गवा बघायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिकवणीच. मूठभर सुकी माती उचलून बोटांतून हळूहळू सोडायचे, वारं कुठलं ते बघायचे आणि मग वाट ठरवायचे. गव्याचं नाक फार तिखट, आपला वास गेला की कळप झाडीत गडप. ताजं शेण दिसलं की हाताच्या खुणेनं सगळ्यांना जागेवर थांबवायचे. पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर मसाई पठारावर धुकं उतरलं की पोरांना एकमेकांच्या पाठीला लागून चालवायचे आणि स्वतः सगळ्यात मागं राहायचे. फौजेतली सवय असणार.

त्यांच्या जोडीदाराच्या घरच्यांचा पत्ता तुमच्याकडं असेल तर त्यांना आण्णा गेल्याचं जरूर कळवा. माझ्या मते ते आधी व्हायला हवं, शोकसभा नंतर.