‘नॉर्मली क्लोज्ड’ला ‘सामान्यतः बंद’ म्हणावे का? : दाराच्या विद्युत-कुलपाच्या जोडणीतील काही शब्द

प्रश्न

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मुख्य दाराला कार्ड दाखवून उघडणारे विद्युतचुंबकीय कुलूप बसवायचे ठरले, तेव्हा वायरमनच्या सोयीसाठी इंग्रजी सूचनापत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले. रिलेच्या, म्हणजे विजेने आपोआप चालणाऱ्या कळीच्या, तीन टोकांसाठी मी ‘सामाईक’, ‘सामान्यतः उघडे’ आणि ‘सामान्यतः बंद’ असे शब्द योजले. ते वाचून वायरमनने कुलपाची तार ‘सामान्यतः उघडे’ या टोकाला जोडली, कारण चुंबकाला सतत वीज हवी आणि ‘बंद’ टोकातून वीज कशी जाणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. परिणामी दार दिवसभर मोकळे राहू लागले आणि कार्ड दाखवले की मात्र पाच सेकंद घट्ट लागू लागले! चूक त्याची की माझ्या शब्दांची?

पहिले उत्तर

चूक शब्दांची आहे. मराठीत ‘बंद’ हा शब्द दोन वेगळी कामे करतो. दार बंद होते तेव्हा दोन वस्तू एकमेकींना भिडतात. नळ, पंखा किंवा दिवा बंद होतो तेव्हा काहीतरी वाहायचे वा चालायचे थांबते. वीज आपल्या भाषेत येते, जाते आणि वाहते, म्हणून तिच्याबाबत ‘बंद’ म्हटले की ऐकणाऱ्याला थांबणेच आठवते. इंग्रजी संज्ञेत मात्र वर्तुळ पूर्ण झाल्याची कल्पना आहे, आणि वर्तुळ पूर्ण झाले की वीज वाहते. म्हणजे तुमच्या भाषांतराने अर्थ नुसता धूसर केला नाही, तर नेमका उलटा केला. भाषाशास्त्रात स्वरांसाठी वापरले जाणारे ‘संवृत’ आणि ‘विवृत’ हे शब्द इथे आणता येतील, पण शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला ते सांगू नयेत.

‘जोडलेले’ आणि ‘तुटलेले’ हे शब्द घ्यावेत, असे मी सुचवतो. ‘सामान्यतः’ हाही शब्द फसवा आहे. ‘बहुतेक वेळा’ असा त्याचा अर्थ होतो, आणि वाचणारा दाराच्या नेहमीच्या स्थितीचा विचार करू लागतो. इथे अभिप्रेत स्थिती दाराची नाही, रिलेची आहे : तिच्या वेटोळ्यात वीज नसतानाची. त्यासाठी ‘विसाव्यात जोडलेले’ आणि ‘विसाव्यात तुटलेले’ म्हणता येईल. चुंबकीय कुलूप ‘विसाव्यात जोडलेल्या’ टोकावर घ्यायचे असते.

दुसरे उत्तर

मी हे काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. ‘फेल-सेफ’ला, म्हणजे वीज गेली की सुटणाऱ्या प्रकाराला, ‘सुरक्षित’ म्हणू नका. सुरक्षित कोण, माणूस की माल, हे त्या शब्दातून कळत नाही. चुंबकीय कुलूप वीज गेली की सुटते; आत अडकलेला माणूस बाहेर पडतो, पण दारही मोकळे होते. चौकटीत बसवायच्या विद्युत स्ट्राइकचा, म्हणजे दाराची जीभ धरणाऱ्या खाचेचा, एक प्रकार याच्या उलट वागतो : वीज गेली तरी बाहेरून दार लागलेलेच राहते आणि आतून मूठ फिरवून उघडते. त्याची तार ‘विसाव्यात तुटलेल्या’ टोकावर जाते. पेटीवर मी ‘वीज जाता सुटणारे’ आणि ‘वीज जाता धरून राहणारे’ असे लिहितो. लांब आहे, पण रात्री दोन वाजता दुरुस्तीला आलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही.

काच फोडून दार उघडण्याच्या हिरव्या पेटीची तार कार्ड ओळखून रिले चालवणाऱ्या कंट्रोलरमधून न नेता थेट कुलपाच्या वीजवाटेत घालावी, म्हणजे कंट्रोलर बिघडला तरी दार सुटेल. या पेटीत काच शाबूत असताना आतली कळ बहुधा दाबलेलीच असते, त्यामुळे ‘नॉर्मली’ कोणती स्थिती धरायची हा तुमचाच प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो. छापील खुणेवर विसंबू नका. काच बसवून आणि काढून मल्टिमीटरने पाहा. आणि कुठल्याही तारेला हात लावण्यापूर्वी 230 व्होल्टचा एमसीबी (मुख्य विजेचा खटका) पाडून, वीज गेल्यावर कुलूप चालवणाऱ्या बॅटरीचीही तार सोडवा. बॅटरी जोडलेली असली की ‘लाइट बंद केला’ हे वाक्य अर्धेच खरे असते.

तिसरे उत्तर

चुंबकाला ‘कुलूप’ म्हणणेच मला खटकते. त्यात ना जीभ, ना अडसर. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी आणि मध्ये केवळ ओढ. कुलूप हा शब्दही मुळात अरबी ‘कुफ्ल’वरून आलेला, तेव्हा शुद्धतेचा आग्रह नाही, पण ‘चुंबक’ म्हटले तर पट्टी रबरी चकतीवर किंचित हलती का ठेवायची, हे सांगावे लागत नाही. पक्की आवळली तर ती चुंबकाला सपाट टेकत नाही आणि पकड घटते. स्ट्राइकला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे : कोयंडा. दारावरची कडी अडकते ती चौकटीवरच्या कोयंड्यात, आणि स्ट्राइक म्हणजे विजेने सैल होणारा कोयंडाच.

‘जाड तार’ असे मोघम लिहू नका, एवढीच आणखी एक सूचना. बारा व्होल्टचा चुंबक सुमारे अर्धा अँपिअर घेतो. तीस मीटर अंतरावर जायची-यायची मिळून साठ मीटर तार होते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक व्होल्टहून अधिक वाटेतच जातो, दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्याहूनही कमी.

प्रश्नकर्ता

पत्रक बदलले. ‘विसाव्यात जोडलेले’ वाचून वायरमन म्हणाला, “साहेब, हे कवितेत चालेल.” त्याने स्वतः ‘कार्ड नसताना जोडलेले’ असे सुचवले. आतून बाहेर पडण्याचे बटणही तीच रिले चालवते, म्हणून शब्द काटेकोर नाही, हे मी त्याला सांगितले. तरी पेटीवर शेवटी त्याचेच शब्द चिकटवले. मग रखवालदाराला दार ओढून धरायला लावले आणि आधी एमसीबी पाडला. बॅटरीमुळे दार सुटले नाही. बॅटरीची तार काढली, तेव्हा रखवालदार दोन पावले मागे गेला.