कोंबड्यांची पिसं झडतायत आणि अंडी पण कमी झाली, काय करावं?

परसातली_संगमेश्वर:
नमस्कार मंडळी. घरामागे 11 कोंबड्या आणि 2 कोंबडे आहेत, त्यातल्या 7 गावठी आणि 4 ग्रामप्रिया (अंड्यांसाठीची सुधारित जात), ग्रामप्रियाची पिल्लं गेल्या वर्षी जूनमध्ये आणलेली. गणपतीपर्यंत रोज 6-7 अंडी यायची, दिवाळीनंतर एकदम खाली, काल तर एकच मिळालं. आणि पिसं म्हणाल तर खुराड्यात सकाळी उशी फाटल्यासारखी पडलेली असतात. दोघींच्या माना उघड्या पडल्यात, तिघींची पाठ सोललेल्या कोंबडीसारखी दिसते. खायला सकाळ संध्याकाळ तांदळाची कणी, बाकी दिवसभर मोकळ्याच असतात. सासूबाई म्हणतात नजर लागली, शेजारचे काका म्हणतात कापून खा. कापायच्या नाहीयेत, काहीतरी सांगा.

घाटावरचा_भाऊ:
ताई घाबरू नका, दीड वर्षाच्या कोंबड्या आहेत ना, मग पिसं गाळायचे दिवसच आहेत. दिवस लहान व्हायला लागला की जुनी पिसं टाकून नवी घेतात, आपल्याकडे जूनमध्ये दिवस 13 तासांचा असतो तो आता सव्वाअकरावर आलाय, आणि अंड्याला जोर यायला 14 तास तरी उजेड लागतो. झड डोक्यापासून सुरू होते, मग मान, छाती, शेपूट शेवटी. मानेवर बोट उलटं फिरवून बघा, सुईसारखे कोंब लागले तर काळजी नको, दोन-तीन महिन्यांत कोंबडी नवीकोरी. ते कोंब दुखतात हां, म्हणून उगाच धरू नका.
पण कणीवर भागणार नाही. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, आणि कणीत ते 8 टक्क्यांच्या आसपास. लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य द्या, नाहीतर कणीत शेंगपेंड आणि बिनमिठाचा सुका जवळा मिसळा. पेंडीला बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या, कोकणातल्या दमट हवेत हे फार होतं आणि त्याने लिव्हर जातं.

कुडाळची_अक्का:
भाऊ मानेचं बरोबर बोलले पण पाठीचं नाही. पाठ सोललेल्या त्या तिघी ग्रामप्रियाच असतील, पैज लावते. 11 कोंबड्यांत 2 कोंबडे म्हणजे एक जास्तच, आणि ते आवडत्या दोघी-तिघींवरच चढत राहतात, नखांनी पाठीची पिसं निघतात. एक वेगळा काढा, कापा नाहीतर कोणाला द्या, रविवारी जावई येतच असतील 😄
गावठी 12-15 अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे उबवायला बसते, मग छातीची पिसं स्वतःच उपटते आणि अंडी बंद, हा काय रोग नाही. शिवाय मोकळ्या असतात ना, मग गवताच्या उडवीत, लाकडांच्या मागे शोधा. माझी एक कुठे घालते कळेना, शेवटी जुन्या होडग्यात 19 सापडली, निम्मी कुजलेली.

परसातली_संगमेश्वर:
अक्का पैज जिंकलात, तिघी ग्रामप्रियाच! आणि मानेवर कोंब आहेत, बघितले. उडवीत 4 अंडी मिळाली. पण एक सांगायचं राहिलं, दोन गावठींचे तुरे पांढरट पडलेत आणि संध्याकाळी त्या खुराड्यात जायला बघतच नाहीत, आंब्याच्या झाडावर जाऊन बसतात.

नाशिकचा_गोठेवाला:
हे आधी सांगायला हवं होतं ना ताई!! खुराड्यात जात नाही म्हणजे आत काहीतरी चावतंय. आज रात्री नऊ-साडेनऊला टॉर्च घेऊन जा, दिवसा काही दिसणार नाही कारण ते किडे दिवसा फटीत असतात. कोंबड्या बसतात त्या दांड्याचा खालचा भाग, बांबूची उघडी टोकं, खिळ्यांच्या जागा बघा. मग कोंबडी धरून शेपटीखाली पिसं फाकवा, पिसाच्या बुडाशी पांढरे गठ्ठे दिसले तर त्या उवांच्या लिखा. हातात आहेच तर शेपटीखालची दोन हाडं पण चाचपा, मधे दोन-तीन बोटं मावली तर अंड्यावर आहे, एकच मावलं तर सध्या बंद.

परसातली_संगमेश्वर:
बघितलं. अजून अंगावर काटा येतोय. दांड्याचा बांबू फरशीवर आपटला तर टोकातून वाटाण्याच्या सालासारखे चपटे राखाडी किडे पडले, चपलेने दाबला तर रक्त!! लिखा फक्त एकीला आहेत.

नाशिकचा_गोठेवाला:
गोचीड. रात्री रक्त पितात म्हणून तुरे फिके. कितीतरी महिने उपाशी राहू शकतात, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून मरणार नाहीत. बांबू आजच जाळा, त्याजागी रंधा मारलेली भरीव फळी लावा. पेंढा सगळा काढून जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, वाळलं की चुना मारा आणि फटी बुजवा. डेल्टामेथ्रिन (गोचिडांवरचं औषध) सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच घ्या, प्रमाण तेच सांगतील, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. एकदा औषध मारून सोडू नका, 8-10 दिवसांनी परत, कारण गोचिडांची अंडी फुटून नवीन निघतात.

कुडाळची_अक्का:
आणि चुलीची राख कोरड्या मातीत मिसळून खड्डा करून द्या छपराखाली, लोळतात त्यात, उवा कमी व्हायला बरं पडतं. राख गार झालेली हां, माझ्या नातवाने एकदा गरम टाकलेली.

परसातली_संगमेश्वर:
बांबू जाळला, तडतड आवाज येत होता. चुना उद्या. एक कोंबडा वहिनीकडे पाठवला, तिथे पण रुबाब करतोय म्हणे. आंब्यावरच्या दोघी आज पण खाली आल्या नाहीत, चुना वाळल्यावर परत बोलावून बघते.