खाडीतल्या जिताड्यासाठी फ्लाय रॉड घरी बांधताना सुटे भाग कसे पारखावेत?

खाडीकाठचा, मुलुंड

नमस्कार. गेली बारा वर्षे मी उत्तन आणि रेवदंड्याला स्पिनिंग रॉडने गरवतो. यंदा जिताड्यासाठी ९ फूट लांबीचा, चार तुकड्यांचा, ८ नंबरचा (म्हणजे त्या वजनाच्या लाइनला, फेकायच्या दोरीला, जुळणारा) फ्लाय रॉड घरीच बांधण्याचे ठरवले आहे; यात लाइनच्या वजनावर हलकी बनावट माशी, म्हणजे फ्लाय, फेकतात. चार तुकड्यांचा अशासाठी, की सुटा केल्यावर तो पाऊण मीटरच्या आत बसतो आणि लोकलमध्ये कोणाच्या डोळ्यात जात नाही. ग्रॅफाइटचा ब्लँक (रॉडची नुसती काठी) परदेशातून मागवावा लागणार, आणि त्यावरचे सीमाशुल्क भरून जे पैसे उरतील त्यांत गाइड (लाइन ओवायच्या रिंगा), रील सीट (रील बसवायचा भाग), बुचाची मूठ आणि इपॉक्सी हे सारे बसवायचे आहे. सागवानी इन्सर्टची (मधल्या लाकडी भागाची) एक रील सीट मनात भरली आहे. पण ती घेतली तर गाइड हलक्या दर्जाचे घ्यावे लागतील. हात कोठे सैल सोडावा आणि कोठे आखडावा, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त टर्नर, वसई

सागवानाचा मोह आवरा. लाकडी इन्सर्ट गोड्या पाण्यातल्या नाजूक रॉडला शोभतो. खाऱ्या पाण्यासाठी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची, खालून वर आवळत जाणारी आणि आट्यांच्या दोन कड्या असलेली सीट घ्यावी, कारण दिवसभर लाइन फेकताना एकटी कडी हळूहळू ढिली पडते.

वाचलेले पैसे गाइडवर घाला. मी पहिल्या रॉडला एका दुकानातून ‘स्टेनलेस’ म्हणून घेतलेले स्वस्त गाइड बांधले होते. एक पावसाळा उलटला आणि गाइडच्या पायाभोवती, दोऱ्याच्या गुंडाळीखाली, चहाच्या डागासारखी कडा दिसू लागली. वरचे इपॉक्सी काचेसारखे स्वच्छ होते, त्यामुळे आतला गंज अधिकच ठळक दिसे. तो पुसता येत नाही; सारी गुंडाळी कापून पुन्हा बांधावी लागते, आणि कापताना ब्लेड ब्लँकला लागले तर ब्लँकही गेला. रीलजवळचे दोन स्ट्रिपिंग गाइड, साधारण १६ आणि १२ मिलिमीटरचे, टायटॅनियम चौकटीचे आणि सिरॅमिक रिंगचे घ्या, कारण रेती आणि मीठ घेऊन आलेली लाइन सर्वांत जास्त तेथेच घासते. पुढचे स्नेक गाइड (वेटोळ्या तारेचे) जाड क्रोम चढवलेले असले तरी चालतील. जितके फूट तितके गाइड आणि वर टिप-टॉप (टोकाची रिंग), हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. पाकीट उघडताच प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तेथे कापसाचा तंतू अडकतो.

बूच नखाने तपासावे. खरे बूच दाबले जाते आणि सावकाश वर येते. भोके बुजवायला भरलेला भुसा-गोंद टणक लागतो, आणि वर्षभराच्या वापरात तो निघून मुठीवर खड्डे पडतात. पुढच्या टोकाला अंगठा टेकवायला उंचवटा हवा, म्हणून ८ नंबरला फुल वेल्स (दोन्ही टोकांना उंचवटा असलेला) आकार घ्या.

तराजू, गिरगाव

गाइडबद्दल सहमत आहे, पण त्याआधी लाइन वजन करून पाहा. ८ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन, टोकाचा सरळ बारीक भाग सोडून, २१० ग्रेन म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम असावे, असे प्रमाण आहे. माझी ‘८ नंबरची’ लाइन आमच्या शेजारच्या सोनाराच्या काट्यावर १५.५ ग्रॅम भरली, म्हणजे नेमकी ९ नंबरची! (सोनाराने आधी ती कसली पोत म्हणून विचारले, तो भाग वेगळा.) दोष ब्लँकचा नव्हता, तरी वर्षभर मी रॉड मऊ आहे म्हणून कुरकुरत होतो. वाऱ्यावर आणि जड फ्लायवर फेकता यावे म्हणून उत्पादक मुद्दाम वजन वाढवतात. तेव्हा लाइन आधी ठरवा आणि ब्लँक तिच्या खऱ्या वजनाला साजेसा निवडा.

खाडीकाठचा, मुलुंड

मनःपूर्वक आभार. सागवान रद्द. एक शंका राहिली: ब्लँक जुलैत हाती येईल, लगेच बांधायला घ्यावा का?

निवृत्त टर्नर, वसई

मूठ आणि सीट खुशाल चिकटवून घ्या. मात्र सीट आणि ब्लँक यांच्यामधली पोकळी मास्किंग टेपने भरू नका. टेपमध्ये पाणी मुरते आणि सीट फिरू लागते. त्यासाठी फोमचे तयार आर्बर मिळतात. टिप-टॉप उष्णतेने वितळणाऱ्या गोंदकांडीने बसवा, म्हणजे पुढे बदलायचा झाल्यास थोडी ऊब देऊन निघतो. त्याच्या नळीचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात दिलेले असते, म्हणून व्हर्नियरवर ब्लँकचे टोक २ मिलिमीटर भरले तर ५ नंबरचा मागवा.

गुंडाळीवरचे इपॉक्सी मात्र दिवाळीनंतरच लावा. जुलैच्या दमट हवेत ते सुकताना वर ढगाळ, चिकट साय धरते. इपॉक्सीचे दोन्ही भाग (रेझिन आणि हार्डनर) अगदी समान मापाने घ्या, आणि लावल्यावर रॉड सतत सावकाश फिरता ठेवा, नाहीतर थेंब खाली ओघळून जमतो. मी मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी छोटी मोटर लॅमिंग्टन रोडवरून आणून लाकडी पाटावर बसवली आहे. मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि रात्रभर कुरकुर न करता चालते.