कच्च्या विटांना तडे जातायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत 10 बाय 12 फुटांचा मांगर (बागेतली खोली) बांधतोय, भिंती कच्च्या विटांच्या. दोन फुटी जोतं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) झालंय, वर मंगळुरी कौलं आणि तीन फूट पागोळी काढणार, त्यामुळे "पावसाचं काय?" हे सोडून बोला. सिमेंट वापरायचं नाही.

माती बागेतलीच, तांबडी. बरणीत पाण्यात ढवळून ठेवली तर निम्म्याजवळ चिकणमाती. विटा 14 बाय 10 बाय 4 इंची. पहिल्या 40 उन्हात ठेवल्या (माझाच शहाणपणा), दुसऱ्या दिवशी मधोमध करंगळी जाईल एवढी भेग. मग माती दोन दिवस भिजवली, भाताचा पेंढा बोटभर तोडून तुडवला, विटा चुडतांखाली (माडाच्या झावळ्यांखाली) सावलीत वाळवल्या. भेगा केसाएवढ्या राहिल्या, पण उचलताना वीट तिथेच मोडते. समसमान वाळू घातली तर तडे गायब, पण नख लावलं की कोपऱ्याचा भुगा.

आता वाळू संपली, नवी परवडत नाही. जवळच्या खाणीवर चिऱ्याचा चुरा फुकट मिळतो. जूनआधी साडेसातशे विटा हव्यात. हा चुरा चाळून वाळूऐवजी कुणी वापरलाय का, आणि तीन घमेली मातीला किती घालायचा?